पाठीवर बिऱ्हाड, पुढे समुद्र

आपली गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते. तेथून पश्चिमेचा समुद्र जेमतेम ८० किलोमीटरांवर आहे. पण त्या समुद्राकडे पाठ फिरवून ती १,४६५ किलोमीटर चालते आणि पूर्वेच्या समुद्राला जाऊन मिळते. आपणा नाशिककरांचेही काहीसे असेच आहे. समुद्र जवळ, पण ओळख लांबची. द्राक्षाचा मळा, कांद्याची चाळ, श्रावणातली ब्रह्मगिरीची फेरी यांत आपले वर्ष जाते. समुद्र आपण पाहतो तो सहलीच्या गाडीतून उतरून, दोन तास. आणि पुन्हा गाडीत.

अलीकडे मात्र एक नवी रीत दिसू लागली आहे. एखादा तरुण, क्वचित एखादी तरुणी, पाठीवर एकच पिशवी बांधते आणि समुद्रकाठच्या गावाची वाट धरते. कधी एसटी, कधी रेल्वे, कधी कोणाच्या मोटारसायकलवर मागची जागा. मुक्काम ठरलेला नाही, परतीचा दिवस ठरलेला नाही. सकाळी मनात आले आणि दुपारी निघाले, इतके ते सोपे. लाटेवर फळी टाकून तिच्यावर उभे राहण्याचा सर्फिंग नावाचा खेळ जेथे शिकवतात, अशा गावांकडे या मुलांचा विशेष ओढा असतो. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण हेटाळणीने वापरतो; ही मुले ती हौसेने जगतात.

घरातली वडीलधारी माणसे विचारतात, “काम ना धाम, आणि एकटाच कशाला जातोस?” शिक्षक विचारतात, “यातून मुलगा शिकणार काय?” दोन्ही प्रश्न रास्त आहेत. ते हसण्यावारी नेण्याजोगे नाहीत, कारण समुद्राच्या बाबतीत चुकीचे उत्तर जिवावर बेतते. म्हणून आज आपण या एकट्याच्या प्रवासाचा थोडा शांतपणे विचार करू.

पहिली गोष्ट ही की एकट्याने दूर जाणे आपल्याकडे नवीन नाही. गोव्यातल्या साखवाळ गावचे धर्मानंद कोसंबी १८९९ सालाच्या अखेरीस घर सोडून निघाले. जवळ पैसा नव्हता, ओळखपाळख नव्हती. बुद्धाच्या धर्माचे मूळ ज्ञान मिळवायचे एवढेच मनात होते. पुणे, ग्वाल्हेर, काशी करीत ते नेपाळपर्यंत गेले आणि १९०२ साली सिंहलद्वीपात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत पोचले. त्याच बेटाच्या किनाऱ्यावर आज देशोदेशीची तरुण मुले लाटांवर खेळायला जातात. कोसंबी गेले ते पाली भाषा शिकायला. हेतू निराळा, पण पाठीवरचे बिऱ्हाड तेच.

आणि मुलींचे म्हणाल, तर आनंदीबाई जोशी यांची आठवण करा. १८८३ सालच्या एप्रिलमध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, पती बरोबर नसताना त्या कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या. निघण्यापूर्वी सेरामपूरला भरसभेत उभे राहून, आपण का जातो आणि एकटीच का जातो, याची उत्तरे त्यांनी स्वतः दिली. घरी न सांगता पळून जाणाऱ्याने आणि घरी सांगितल्यावर नुसता विरोध करणाऱ्याने, दोघांनीही हा प्रसंग ध्यानात ठेवावा. जाणाऱ्याने कारण सांगावे आणि घरच्यांनी ते ऐकून घ्यावे, ही त्यातली शिकवण.

आता दुसरी गोष्ट. एकट्याने निघालेला माणूस खरोखर एकटा असतो काय? याचे उत्तर आपल्या नाशिकच्या दारात, दगडावर कोरलेले आहे. शहरापासून आठेक किलोमीटरांवर त्रिरश्मीच्या डोंगरात पांडवलेणी आहेत. तिथल्या दहाव्या लेण्यात उषवदात नावाच्या दानशूराचा लेख आहे. हा क्षत्रप नहपानाचा जावई; काळ सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा. त्याने काय काय केले याची त्या लेखात यादी आहे. गाई दिल्या, गावे दिली, हे तर राजेलोक करीतच. पण पुढे पाहा. भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपूर म्हणजे मंदसोर, गोवर्धन म्हणजे नाशिकच्या शेजारचे जुने नगर आणि शूर्पारक म्हणजे समुद्रकाठचे सोपारे, या चार ठिकाणी त्याने वाटसरूंसाठी चौसोपी धर्मशाळा बांधल्या. विहिरी खोदल्या, तळी केली, बागा लावल्या. पार, दमणगंगा, तापी, डहाणूची खाडी अशा सहा प्रवाहांवर फुकट नावा ठेवल्या. इतकेच नव्हे, तर त्यांच्या दोन्ही तीरांवर निवारे आणि पाणपोया घातल्या.

या नद्यांपैकी पार आणि दमणगंगा या आपल्याच जिल्ह्यात उगम पावून पश्चिमेला समुद्राकडे जातात. तेव्हा गोदावरीने समुद्राकडे पाठ फिरवली असेल, पण नाशिकच्या रस्त्याने ती कधीच फिरवली नव्हती. घाटावरून समुद्राकडे जाणारा वाटसरू तेव्हाही होता. त्याला रात्री पाठ टेकायला ओसरी लागेल, नदीवर नाव लागेल, तीरावर पाणी लागेल, याचा विचार कोणीतरी त्याच्याआधी करून ठेवला होता. वाटसरू न ठरवता निघू शकत होता, कारण दुसऱ्या कोणीतरी ठरवून ठेवले होते.

श्रोतेहो, आजच्या भाषणातला मुख्य मुद्दा हाच आहे. ज्याला आपण मोकळा, बेत न आखलेला प्रवास म्हणतो, तो दुसऱ्यांनी आखलेल्या व्यवस्थेवर चालतो. कोसंबी काशीत शिकू शकले ते अन्नछत्रात जेवून. आजचा आपला तरुण निघू शकतो तो एसटी आहे म्हणून. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली. तिच्या जाळ्यामुळे खिशात थोडे पैसे असलेला कोणीही खेड्यातला माणूस समुद्रापर्यंत पोचू शकतो. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट लागू झाले. त्या दिवसापासून किती लेकींना माहेर जवळ आले असेल, आणि किती जणींनी पहिल्यांदा घाट ओलांडला असेल!

आता समजा, दिवाळी झाल्यावर एका पहाटे तुम्हीच निघालात. नाशिकहून सिन्नर, संगमनेर, चंदनापुरीचा घाट, मग आळेफाटा आणि नारायणगाव. नारायणगावहून आत जुन्नर आणि जुन्नरच्या पलीकडे नाणेघाट. सातवाहनांच्या काळी कल्याणच्या बंदराकडे माल उतरायचा तो या घाटाने. जकातीची नाणी टाकायचा म्हणून सांगतात तो मोठा दगडी रांजण तेथे अजून आहे. तुमची वाट मात्र सरळ पुण्याची. पुण्याहून सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर. कोल्हापूरहून गगनबावड्याची गाडी धरलीत की उसाचे मळे मागे पडतात, झाडी दाट होते आणि घाटाच्या तोंडाशी गार वारा अंगावर येतो.

घाट उतरलात की देश बदलला हे कोणी सांगावे लागत नाही. काळी माती जाऊन तांबडी येते. घरांच्या भिंती जांभ्या दगडाच्या, परसात फणस आणि रातांबे, आणि दुपारच्या हवेत घामाचा चिकटपणा. वैभववाडी, कणकवली करीत तुम्ही मालवणला पोचता. नाशिकपासून सुमारे सहाशे किलोमीटरांचा पल्ला झालेला असतो. स्टँडवर उतरल्याबरोबर एखादी आजी विचारते, “खंयसून इलात?” म्हणजे कुठून आलात. नाशिकहून म्हटल्यावर ती म्हणते, “एकटेच? जेवलात का?” प्रश्नांचा हा क्रम फार महत्त्वाचा आहे. आपल्याकडच्या खेड्यातही तो असाच असतो.

मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग उभा आहे. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी त्याचा पाया घातला. चहूकडे खारे पाणी, पण किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या नावांच्या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. जेथे माणूस राहणार तेथे आधी पाणी पाहावे, हा उषवदाताचा धडा येथेही दिसतो. सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हापासून तारकर्ली, देवबाग या गावांत घराघरांतून पाहुण्यांची सोय होऊ लागली. पुढची पडवी किंवा मागची खोली पाहुण्याला द्यायची आणि सकाळी घावणे नि चहा करून द्यायचा. जुन्या धर्मशाळेचेच हे नवे रूप आहे. फरक एवढाच की तिची मालकीण आता घरातली बाई असते आणि दोन पैसे तिच्या हातात पडतात.

सकाळी किनाऱ्यावर रापण ओढत असतील तर तेथे थांबा. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे भले मोठे जाळे. होडीतून अर्धवर्तुळ करून ते समुद्रात सोडतात आणि दोन्ही टोकांचे दोर वाळूवर उभ्या राहिलेल्या माणसांनी ओढायचे असतात. एकट्या घराला हे काम झेपत नाही. वाडीच्या वाडी त्यात असते. दोराला हात लावणाऱ्याला मासळीचा वाटा मिळावा, अशी जुनी रीत आहे. तुम्ही मासे खात नसलात तरी दोराला हात लावून पाहा. एकट्याने आलेल्या माणसाला गावात शिरायला यापेक्षा चांगला दरवाजा नाही.

पुढे दक्षिणेला वेंगुर्ले आणि शिरोडे. शिरोड्याला १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. याच गावच्या शाळेत वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ पर्यंत शिक्षक होते. मराठीचे पहिले ज्ञानपीठ त्यांना पुढे मिळाले. शिक्षक मंडळींनी हे गाव अवश्य पाहावे. पुढे रेडी आणि मग तेरेखोलची खाडी. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्यापूर्वी येथे येणे म्हणजे परक्या राज्यात पाऊल टाकणे होते. आज पलीकडच्या केरी गावाला फेरीबोट जाते. गोव्याच्या सरकारी फेरीबोटीत पायी उतारूकडून पैसे घ्यायचे नाहीत, अशी रीत अनेक वर्षे चालत आली आहे. एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या फुकट नावांची आठवण येथे आल्यावाचून राहत नाही.

पलीकडे पेडणे तालुक्यातली हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी ही गावे. लाटांवरचा खेळ शिकवणाऱ्या शाळा आहेत त्या या पट्ट्यात. हा खेळ मुळात हवाई बेटांवरचा. कॅप्टन कुकची जहाजे १७७८ साली तेथे गेली तेव्हा तेथले लोक लाकडी फळ्यांवर लाटा स्वार करीत होते. पुढे धर्मप्रचारकांच्या नापसंतीमुळे हा खेळ मागे पडला. त्याला पुन्हा जगापुढे आणले ते ड्यूक कहानामोकू या हवाईच्या जलतरणपटूने. १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळवलेला हा माणूस. तोक्योला २०२१ साली भरलेल्या ऑलिंपिकमध्ये या खेळाचा प्रथमच समावेश झाला. आपल्या देशात कर्नाटकातल्या मुल्की गावी या खेळाचे पहिले मंडळ उभे राहिले आणि तामिळनाडूतल्या कोवलमसारख्या गावांत कोळ्यांची मुलेच त्याची शिक्षक झाली. लाट कोळ्याच्या मुलाइतकी कोणाला कळणार?

पण लाट म्हणजे काय, हे समुद्रापासून दूर राहणाऱ्या आपल्याला ठाऊक असते काय? एक साधा दाखला देतो. ओंबीवर आलेल्या गव्हाच्या शेतावरून वारा जातो तेव्हा या बांधापासून त्या बांधापर्यंत लाट धावताना दिसते. पण गव्हाचे रोप जागचे हलत नाही. ते वाकते आणि पुन्हा उभे राहते. खोल समुद्रातले पाणीही तसेच. दूर कोठेतरी वारा वाहतो, त्याचा जोर लाटेच्या रूपाने शेकडो किलोमीटर पुढे येतो. पाणी मात्र जवळजवळ आपल्या जागीच वरखाली होते. किनारा जवळ आला की लाटेचे पाऊल तळाला घासू लागते. खालचा भाग मंदावतो, मागचे पाणी वर चढते, लाट उंच होते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की ती कोसळते. ही कोसळण्याची घटका साधून फळीवर उभे राहणे, हाच तो खेळ. नवखा माणूस कमरेएवढ्या पाण्यात, फुटलेल्या लाटेच्या फेसावर शिकतो. फळी दोरीने पायाला बांधलेली असते. दहा वेळा पडतो आणि अकराव्यांदा क्षणभर उभा राहतो.

आणि आता ज्यासाठी हे भाषण मुख्यतः करावयाचे, ती गोष्ट. लाटेने किनाऱ्यावर आणून टाकलेले पाणी परत जाणार कोठून? ते वाळूच्या दांड्यांमधल्या एखाद्या खोलगट फटीतून वेगाने आत जाते. समुद्राकडे जाणारा तो एक ओढाच म्हणा ना. या फटीत खोली जास्त, म्हणून तेथे लाटा फुटत नाहीत. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये गडद, शांत दिसणारा पट्टा. पोहायला नवखा माणूस नेमका तोच पट्टा निवडतो, कारण तेथे लाट नाही! श्रोतेहो, नदीत संथ दिसणाऱ्या डोहाला आपण भितो. समुद्रात संथ दिसणाऱ्या पट्ट्यालाही तसेच भ्यावे.

या परतीच्या प्रवाहात सापडलेला माणूस तत्काळ किनाऱ्याकडे तोंड करून जिवाच्या आकांताने हात मारतो. प्रवाह जोराचा असला की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही त्याच्याविरुद्ध जाता येत नाही. हा प्रवाह माणसाला खाली ओढत नाही, नुसता आत नेतो. माणूस बुडतो तो दमून आणि घाबरून. म्हणून नियम असा: प्रवाहाशी झुंजू नये. पाठीवर पडून तरंगावे, हात वर करून हाक मारावी. बळ असेल तर किनाऱ्याला समांतर, उजवीकडे किंवा डावीकडे पोहावे. हा पट्टा बहुधा अरुंद असतो. त्यातून बाहेर पडून फेसाच्या भागात आलात की लाटाच तुम्हाला किनाऱ्याकडे ढकलतात. आणि दुसरा कोणी सापडला असेल तर पोहता येत नसताना त्याच्यामागे उडी घेऊ नये. दोर, रिकामा डबा, फळी, जे तरंगेल ते त्याच्याकडे फेकावे आणि माणसे बोलवावीत.

हे मी इतक्या तपशिलाने का सांगतो? १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुड-जंजिऱ्याच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळच्या वायरी येथे बेळगावहून आलेल्या सहलीतले ८ जण बुडाले. ही सारी घाटावरची माणसे होती. विहिरीत सूर मारणारा आणि गोदेच्या पुरात हात मारून दाखवणारा आपला मुलगा समुद्रात उतरतो तेव्हा त्याला पोहणे येत असते, पण समुद्र येत नसतो. आणि बरोबर पन्नास सोबती असले म्हणून समुद्र सोपा होत नाही, हेही या दोन घटनांनी दाखवले.

भरती-ओहोटीचा हिशेबही असाच शिकण्याजोगा आहे, आणि पंचांग पाहणाऱ्या खेड्यातल्या माणसाला तर तो फारच सोपा आहे. कोकणातला ढोबळ ठोकताळा असा की त्या दिवशीची तिथी घ्यावी आणि तिची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीनच्या आसपास भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमा किंवा अमावास्या पंधरा धरली तर सव्वाअकरा, आणि त्या दिवसांत उधाणही असते. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. ओहोटीत उघड्या पडलेल्या वाळूच्या दांड्यावर किंवा खडकावर माणूस लांबवर जातो, आणि भरतीचे पाणी मागून वळसा घालून त्याची वाट बंद करते. गणित घरीच करून पाहावे. पण पाण्याजवळ गेल्यावर तेथल्या कोळ्याला विचारल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

तेव्हा एकट्याने समुद्राकडे निघणाऱ्या तरुणाला मी एवढेच सांगेन: रस्ता एकट्याने धरावा, पाण्यात एकट्याने उतरू नये. आज कोणत्या गावी मुक्काम आहे हे रोज घरी कळवावे. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो. तेव्हा तो किनाऱ्यावरूनच पाहावा. जेथे जीवरक्षक आहेत तेथे त्यांचे ऐकावे: लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधली जागा पोहण्याची, आणि नुसता लाल बावटा असला तर पाण्यात पाय घालायचा नाही. दारू पिऊन तर कधीच नाही.

आणि एक शेवटचे देणे. ज्या गावाने आपल्याला ओसरी दिली, त्या गावाचे आपण काही लागतो. मोरजीच्या वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे रात्री येऊन अंडी घालतात. अंड्यांतून निघालेली पिले क्षितिजाकडचा उजेड पाहून समुद्राची दिशा धरतात. किनाऱ्यावरचे दिवे लखलखले की ती वाट चुकून गावाकडे येतात आणि मरतात. आपली बॅटरी विझवून ठेवणे, बाटली आणि कचरा परत नेणे, गाववाल्यांची झोपेची वेळ पाळणे, हे या रस्त्याचे भाडे समजावे. ते चुकवले तर उद्याच्या वाटसरूला ओसरी मिळणार नाही.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आपल्या वर्गातली मुले उद्या निघणारच आहेत. त्यांना अडवण्यापेक्षा तयार करून पाठवावे. सातवीच्या वर्गात एक तास एसटीचे वेळापत्रक वाचायला शिकवा. एक तास तिथीवरून भरती काढायला. एक तास फळ्यावर किनाऱ्याचे चित्र काढून तो शांत गडद पट्टा दाखवा आणि ‘समांतर पोहा’ हे शब्द मुलांकडून म्हणून घ्या. हे तीन तास मुलांना जसे द्याल तसेच मुलींनाही द्या. त्यांनाही घाट उतरायचा आहे.

आणि खेड्यातल्या माझ्या श्रोत्यांनो, आपले गावही कोणाच्या तरी वाटेवर आहे. दुरून कोणी धुळीने भरलेला पोरगा पाठीवर पिशवी घेऊन पारावर टेकला, तर तो कोण, कोणाचा, कशाला आला, हे विचाराच; तो तुमचा हक्क आहे. पण त्याआधी त्याला तांब्याभर पाणी द्या.